होय-नाहीची बारव

बसू नका हो त्या पायरीवर! म्हणजे बसा खुशाल, पण घटकाभरात उठाल. चिंचखडकच्या या बारवेवर कुणाचं बूड टेकत नाही. पायऱ्या बघा ना नीट. एक गुडघाभर उंच, पुढची वीतभर. एकीची कड घोटून गुळगुळीत केलेली, दुसरीवर टाकीचे नुसते घाव. एका हाताचं काम नव्हेच हे. खाली पाणी बारमाही, पण ते भरून घटकाभर इथे कुणी विसावलंय, असं मी जन्मात पाहिलं नाही.

घडलं ते असं सांगतात. नागोजीराव म्हणून इथले देशमुख होते. त्यांना गावासाठी कायमचा पाथरवट हवा होता. त्याला वतन मिळणार, म्हणजे पिढ्यान्पिढ्या राहायला घर आणि कसायला जमीन. दवंडी पिटली. दगड फोडत गावोगाव पालं टाकणारे वडार आले, पाथरवट आले. देशमुख म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला? या बारवेची एकेक पायरी घडवून बसवा. ज्याचं काम पटेल, त्याला वतन."

परीक्षा वाजवी होती, मी नाही म्हणत नाही. कारागीर कामावरूनच ओळखावा. पण पायरी बसली की देशमुख तिच्यावर हात फिरवायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बघू. सांगावा धाडतो." मग दुसरा यायचा. पायरी जागच्या जागी राहायची आणि माणसाचा जीव टांगणीला लागायचा. काही म्हणतात, देशमुखांचं मन ठरत नव्हतं. मला विचाराल तर फुकटात बारव बांधून होत होती, तीच गोड लागली. भिजत घोंगडं ठेवायला त्यांच्या बापाचं काय जात होतं?

पाण्यालगतची शेवटची पायरी हणमंता वडाराने घडवली. त्याची बायको यल्लवा. तिला पालात राहायचा वीट आला होता. चार भिंती आणि सारखी हलवावी न लागणारी चूल, एवढाच तिचा ध्यास होता म्हणे. देशमुख हणमंतालाही तेच म्हणाले, "सांगावा धाडतो."

हणमंता गावाबाहेरच्या माळावरचं पाल सोडून हलेना. दूर एका नदीवर घाट बांधायचं काम निघालं, त्याला न्यायला माणूसही आला. यल्लवा म्हणाली, "चला की आता. हितं बसून प्वाट भरतंय व्हय?" तो म्हणाला, "आन मी गेलो नि सांगावा आला तर?" घोड्याची टाप वाजली की हातातली भाकर टाकून बाहेर. झोपेतून उठून बाहेर. असा झुरत राहिला आणि एक दिवस तापाने गेला.

त्याची माती करून यल्लवा तडक वाड्यावर गेली. देशमुख सदरेवर लोडाला टेकून बसलेले. ती म्हणाली, "सरकार, आमच्या मान्साची परीक्षा घेतलीसा. आता तुमची मी घेते. पाथरवटाचं काम दगड घडवनं. धन्याचं काम व्हय म्हननं, न्हाईतर न्हाई म्हननं. करून दावा."

देशमुखांनी तोंड उघडलं. सवयीने तेच निघालं, "बघू."

"मग बगत ऱ्हावा उभ्यानं," ती म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून देशमुखांना बसवेना. गादीवर टेकले की उठायचे, पाटावर बसले की ताट सोडून उठायचे. वैद्य झाले, नवस झाले. शेवटी त्यांना उमगलं आणि ते पायी निघाले. पायऱ्या घडवणारा एकेक माणूस हुडकून काढला आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "तुझं काम नाही पटलं." कुणी शिव्या घातल्या, कुणी पाणी दिलं. शिव्या देणाऱ्याचाही चेहरा मागाहून हलका व्हायचा म्हणे.

सगळ्यांत शेवटी यल्लवा सापडली, त्याच दूरच्या घाटावर दगड फोडताना. देशमुख हात जोडून म्हणाले, "बाई, हणमंताचं उत्तर होय. सगळ्यांत सरस पायरी त्याचीच होती. वतन तुझं."

यल्लवाने हंबरडा फोडला. "आता व्हय कशापायी सांगता? त्या दिशी न्हाई म्हनला असता, तर त्यो हितं माझ्या शेजारी जित्ता असता की वो!" वतन तिने घेतलं नाही. देशमुख परतले, पण बसणं त्यांच्या नशिबी पुन्हा आलंच नाही. या काठावर उभ्याउभ्याच गेले, असं सांगतात.

आजही चिंचखडकात कुणाला काम करायला लावून पारखलं, तर दिवस मावळायच्या आत, बारवेच्या काठावर उभं राहून, होय की नाही ते त्याला तोंडावर सांगावं लागतं. मग तो नळाचं पाणी सोडणारा असो की शाळेतली बाई. परवा माझ्या नातीने, कुंदाने, शिवणकेंद्रात काम मिळावं म्हणून ब्लाउज शिवून दाखवला. केंद्राची बाई इथे आली आणि म्हणाली, "कुंदे, नाही गं. बाही चुकली." मला असा राग आला म्हणून सांगू! पोरगी ढसाढसा रडली. मग तिने तोंड धुतलं, दोन भाकरी खाल्ल्या आणि गाढ झोपली. सकाळच्या एसटीने तालुक्याला गेली, दुसरं काम बघायला.