पहिलं फळ दुखंडेबाईंच्या झाडाला

या मंडळी, सावलीत या. अहो, ते जायफळ उचलू नका! मुद्दाम ठेवलंय ते झाडाच्या पायाशी. हे झाड बघा, एकाच बुंध्यातून चार खोडं उठलीत. याला फळ कधीच धरत नाही. तरी विद्यापीठाच्या या अख्ख्या बागेत पहिल्या फळाचा मान याचाच.

फार जुनी गोष्ट. तेव्हा इथं नुसता कातळ होता म्हणे. आठल्येबाई आणि दुखंडेबाई, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या दोघी. टोपल्यांनी माती आणून त्यांनी बाग उभी केली. ती नेची, त्या औषधी वेली, काचघरातली ऑर्किडं, सगळी त्यांनीच रानं तुडवून आणलेली. काम जोडीनं, पण चढाओढ अशी की विचारू नका. दोघींनी जायफळाचं एकेक रोप लावलं, एक इथं आणि एक त्या विहिरीपाशी. आधी फळ कोणाला, याकडे सगळ्यांचे डोळे.

फळ आलं विहिरीपाशी, आठल्येबाईंच्या झाडाला. पिवळं फळ उकललं की आत लालभडक जायपत्री! हे झाड मात्र नुसतंच फुलायचं. पोरं याला वांझ म्हणू लागली. आठल्येबाई दरवर्षी ओंजळभर फळं घेऊन यायच्या, वर म्हणायच्या, "घ्या हो, तुमच्या झाडाला कधी लागायची!" दुखंडेबाई हसून घ्यायच्या, पण अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांना जायफळाचा वाससुद्धा सोसेनासा झाला, असं सांगतात.

एके वर्षी मोठे पाहुणे आले. आठल्येबाईंच्या झाडापुढे फोटो काढून गेले, इकडे कोणी फिरकलंही नाही. दुखंडेबाईंनी कुऱ्हाड घेतली आणि आपलंच झाड बुंध्यापाशी तोडलं.

पुढच्या हंगामात आठल्येबाईंच्या झाडाची फुलं नुसतीच गळाली. एक फळ धरलं नाही. दुखंडेबाईंना आनंद झाला, खोटं कशाला बोलू! मुद्दाम बघायला गेल्या म्हणे. त्या रिकाम्या फांद्यांखाली उभ्या राहिल्या आणि तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जायफळात नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पराग नसेल तर मादीला फळ नाही. दरसाल वर्गात शिकवायच्या की हो! त्यांचं झाड नर होतं. ज्या फळांवर इतकी वर्षं जळल्या, ती निम्मी त्यांचीच होती.

आठल्येबाईंना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण सांगितलं तर मान वाटून द्यावा लागला असता ना! मत्सर काय एकाच घरी नांदतो?

दुखंडेबाई तिथंच रडल्या. ते बघून आठल्येबाईंनी विहिरीतून कळशी भरली आणि इथं येऊन या थोटकाला पाणी घातलं. रोज घालत राहिल्या. धुमारे फुटले, त्यांचीच ही चार खोडं. काही वर्षांनी हे फुललं आणि तिकडे पुन्हा फळ धरलं. पहिलं उकललेलं फळ आठल्येबाईंनी इथं आणून ठेवलं. म्हणाल्या, "दुखंडेबाई, हे तुमचं. तेव्हाही तुमचंच होतं, मीच बोलले नाही."

आजही पहिलं फळ इथं आल्याशिवाय विहिरीपाशी दुसऱ्या फळाला कोणी हात लावत नाही. म्हणून म्हटलं, ठेवा ते खाली.