गोल पिनचा कीबोर्ड

“इथंच का ते?” मी विचारलं.

“काय इथंच?”

“जागल्या. जागल्या इथंच बनतो ना?”

म्हातारा दारातून बाजूला झाला. “बनतो म्हणजे... ये, आत ये. चप्पल राहू दे पायात, फरशी गार आहे.”

मला वाटलं होतं, पाच-सात जण तरी असतील. भिंतीवर फळा, त्यावर अर्धवट पुसलेली आकृती, चहाचे कप, वादावादी. फिनलंडमध्ये शिकताना आम्ही असेच बसायचो आणि जागल्याबद्दल बोलायचो. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यांत आधी उठणारा आणि मग बाकीच्यांना उठवणारा हा छोटासा प्रोग्राम. फुकट, खुला, कुणीही आतून उघडून पाहावा असा. तो आपल्या खानदेशात लिहिला गेलाय, हे मी तिथल्या पोरांना छाती फुगवून सांगायचे.

सापडली ती बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागची एक खोली. एक जुना कॉम्प्युटर, एक खुर्ची, आणि निंबा अहिरे सर.

बाजारात पत्ता विचारला तेव्हा पानवाला म्हणाला होता, “निंबा सर? उगाच जाताय ताई. ते मोबाईल रिपेर करत नाहीत.”

सरांनी मला खुर्ची दिली. स्वतः लोखंडी पेटीवर बसले.

“सर, तुम्ही जाहीर लिहिलं होतंत. थकलोय, जागल्या कुणीतरी सांभाळायला घ्या. मी नोकरी सोडून आलेय. मला द्या.”

“एवढ्या लांब कशाला आलीस? ईमेल करायचा.”

“केला होता. उत्तर नाही आलं.”

“हं... आला असेल.”

मी पेन ड्राइव्ह काढला.

“यात पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सोर्स कोडपासून मी एकटीनं बांधलेली. तयार काही उचललं नाही. इथल्या डोंगराकडच्या शाळांसाठी. सगळं मराठीत. तुमच्या जुन्या यंत्रावरसुद्धा पळेल.”

“एकटीनं?”

“एकटीनं.”

मला शाबासकी हवी होती, म्हणून मीच पुढे बोलत राहिले.

असं काही स्वतः बांधायला घेतलं की यंत्र आधी प्रश्न विचारतं. ही डिस्क हवी का? तो प्रिंटर हवा का? हो म्हणायचं किंवा नाही. जितक्यांना नाही म्हणाल, तितकी सिस्टिम हलकी. लोक कंटाळून सगळ्याला हो म्हणतात. मी एकेक प्रश्न वाचला होता.

“आणि जागल्याही साफ केला,” मी म्हणाले. “आता कुणी वापरत नाही असं बरंच होतं त्यात. निम्मा उरलाय.”

“निम्मा.”

“हो. आणि दुप्पट वेगानं उठतो.”

“लाव बरं.”

मी पेन ड्राइव्ह त्यांच्या यंत्राला लावला. पडदा काळा झाला, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अक्षरं उमटली.

नमस्कार. तुमचं नाव काय?

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती अक्षरं पडद्यावर आणायला मला अख्खा हिवाळा लागला होता.

सरांनी कीबोर्ड मांडीवर घेतला. जुना, पिवळा पडलेला, गोल पिनचा. एका बोटानं टाइप करू लागले. निं... बा...

पडद्यावर काहीच आलं नाही.

ते टाइप करत राहिले. आडनाव. मग गावाचं नाव. खटखट आवाज येत होता. पडद्यावर तोच नमस्कार आणि उघडमीट करणारी ती उभी रेघ.

“सर, तो... ऐकत नाहीये. गोल पिनच्या कीबोर्डला मी नाही म्हटलं होतं. माझ्याकडे नव्हताच तसला. कुणाकडेच नव्हता.”

“हं.”

त्यांची बोटं थांबेनात.

“सर, थांबा ना. काही उपयोग नाही.”

“नाव विचारलंय त्यानं. सांगायला नको?”

मी उठून कीबोर्डवर हात ठेवला. तेव्हा ते थांबले.

“शाळांत कुठले आहेत?” मी हळूच विचारलं.

“असलेच.”

मी लॅपटॉप उघडला. त्या एका प्रश्नाचं उत्तर बदललं, सगळं पुन्हा बांधलं. सरांनी दिलेला चहा निवायच्या आत झालं. पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. आता ‘निंबा’ उमटलं.

“झालं, सर!”

“हा मी दाखवला म्हणून झाला.”

“शाळांत अजून काय काय आहे? सांगा ना, सगळं सुरू करते.”

“मला काय माहीत?”

“तुम्हाला नाही माहीत तर कुणाला माहीत?”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. जिनिंगच्या अंगणात गवत कमरेएवढं वाढलं होतं.

“पूर्वी जायचो बघायला. यष्टीनं. आता गुडघे जाऊ देत नाहीत.”

“लोक लिहीत नाहीत तुम्हाला?”

“लिहितात की. बिघडलं की लिहितात. शिव्यासुद्धा देतात. एक जण तर वकिलाची धमकी देत होता.” सर हसले. “फुकटच्या मालाला वकील.”

“आणि नीट चालत असेल तेव्हा?”

सरांनी कीबोर्डवरची धूळ फुंकली.

“तेव्हा... शांत असतं.”

जागल्या देतो, असं ते म्हणाले नाहीत. देत नाही, असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी पिठलं-भाकरी झाली. त्यांनी आपलं अंथरूण मला दिलं आणि स्वतः व्हरांड्यात गेले.

मी भिंतीला टेकून बसले. फोनवर फिनलंडच्या ऑफिसचा मेसेज होता. परत यायचं असेल तर तुझं टेबल अजून रिकामं ठेवलंय, लवकर कळव.

ते टेबल मला आठवलं. खिडकीशी होतं. बाहेर बर्फ, आत ऊब, हेडफोनमध्ये कुणीच बोलत नसलेली शांतता. वर्षभर मी डोंगराकडच्या मुलांसाठी सिस्टिम बांधत होते. त्यातल्या एकाही मुलाचं नाव मला माहीत नव्हतं.

व्हरांड्यातून सरांचा खोकला ऐकू येत होता. हाक मारावीशी वाटली. काय म्हणून मारायची, ते कळेना.

सकाळी मी ऑफिसला कळवलं. टेबल दुसऱ्या कुणाला तरी द्या.

सर अंगणात दात घासत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. जागल्या मागितला नाही.

“सर, डोंगराकडच्या शाळेची यष्टी कुठून सुटते?”

“फाट्यावरून.” त्यांनी चूळ भरली. “आज जातेस?”

“आजच. आणि उद्या पुढच्या गावी. सगळीकडची यंत्रं बघून येते. महिने लागले तरी चालतील.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावरच्या पंच्यानं सावकाश तोंड पुसलं.

“गेल्यागेल्या काही चालू करू नकोस.”

“मग काय करू?”

“मुलं काहीतरी विचारतील... तोवर थांब.”