खिंडीतल्या विणकराचं छप्पर

रस्ते अजून माणसांच्या पायांनीच पडत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या खिंडीत घोंगड्या विणणारा एक विणकर राहत होता. पायथ्याला गाव, वर पठारावर मेंढपाळांची वस्ती, आणि दोहोंच्या मधे याचं एकट्याचं घर.

बायको होती तोवर त्या घरात दोन माणसांचे आवाज असत. ती गेली आणि मागाची खटखट तेवढी राहिली. पुढे पुढे विणकर मागाशीच बोलू लागला. "आज ऊन लवकर उतरलं रे," असं म्हणायचा आणि जरा थांबायचा, जणू कुणी हुंकार देईल. मग पुन्हा धोटा फेकायचा.

माणसं यायची ती कामापुरती. पावसाच्या तोंडावर मेंढपाळ लोकर आणून टाकायचे. थंडी पडू लागली की घोंगड्या घेऊन जायचे. मधल्या सगळ्या महिन्यांत खिंडीतून जायचा तो फक्त वारा.

एका उन्हाळ्यात धाग्यांना लावायची चिंचोक्याची खळ ढवळता ढवळता विणकराने मान वर केली, तर छपरातून आभाळ दिसलं. कौलं फुटली होती, काही घसरून एकमेकांवर चढली होती. आतल्या खोलीत माग होता, लोकरही तिथेच रचून ठेवलेली असे. पाऊस यायच्या आत कौलं बदलायलाच हवी होती, आणि शिडी चढायचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस गाणं म्हणत खिंडीत आला. पाणी मागितलं, प्यायला, तोंड पुसलं आणि वर बघत म्हणाला, "मामा, तुमचं छप्पर रडायला बसलंय. पावसाआधी त्याचे डोळे पुसायला हवेत."

विणकर हसला. आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते त्याला आठवेना.

"तुम्ही करता का हे काम?"

"जन्म गेला की मामा यातच," तो म्हणाला आणि शिडी भिंतीला लावली. एवढ्यावरच काम ठरलं.

कौलं घालणारा तो कौलारी बोलका होता. छपरावरून त्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या. अमक्या गावच्या सासूने जावयाला कसं फसवलं, तमक्या पाटलाची म्हैस विहिरीत कशी उतरली. विणकर खाली बसून ऐकायचा, हातातलं काम तसंच राहायचं. दुपारी दोघं एका कांद्यावर भाकरी खायचे. बायको गेल्यापासून विणकराने पहिल्यांदाच दोन भाकऱ्या थापल्या होत्या.

पण त्याच्या मनात प्रश्न येत नव्हते असं नाही. याने आधी कुणाकुणाची घरं केली असतील? कौलं काढली, पण खालचे वासे जुने आहेत, ते याने तपासले का? उद्या गळलं तर हा परत येईल का? बायको असती तर तिने पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून सगळं विचारलं असतं.

एकदा जेवताना त्याने धीर केला. "याआधी जवळपास कुणाचं घर केलंत तुम्ही?"

कौलाऱ्याचा घास हातातच राहिला. चेहरा पडला. "म्हणजे भरवसा नाही म्हणा की, मामा." त्याने भाकरी खाली ठेवली आणि उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला.

 हा आता शिडी उचलणार आणि खिंडीतून उतरून जाणार, हे विणकराला डोळ्यांसमोर दिसलं. मग पुन्हा तो, माग आणि वारा.

"छे छे, तसं नाही हो," तो घाईघाईने म्हणाला. "सहज विचारलं. बसा, खा." आणि आपल्या पानातली उरलेली भाकरीही त्याने पाहुण्याला वाढली.

त्यानंतर वाशांचा प्रश्न त्याच्या तोंडाशी पुन्हा आला. त्याने तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

काम संपलं. नवी लाल कौलं उन्हात चमकत होती. "पावसात एकदा डोकावून जाल ना?" विणकराने विचारलं. "येणार की, मामा. हे घर काय परकं आहे?" असं म्हणत कौलारी गेला. त्याचं गाणं वळणापर्यंत ऐकू आलं. घर आधी होतं त्याहून जास्त सुनं झालं.

मेंढपाळांनी लोकर आणली, आतल्या खोलीत छपराला टेकेल इतकी रचली आणि ते वर गेले. पाऊस लागला. आधी काही झालं नाही. विणकर रोज वाटेकडे बघायचा. छपराची त्याला काळजी वाटत नव्हती, त्याला बोलायला माणूस हवं होतं. कुणी आलं नाही.

पावसाळा निम्मा सरला असेल. एका सकाळी वारा असा काही फिरला की विणकर चूल विझू नये म्हणून पुढच्या पडवीत चुलीपाशी बसून राहिला. तेवढ्यात आत कडकड झालं आणि मागोमाग कौलं कोसळल्याचा आवाज. तो धावला. छपराचा मागचा अर्धा भाग मागावर बसला होता. मोडलेला वासा त्याने हातात घेतला, तर तो पिठासारखा चुरला. वाळवीने आतून सगळा खाल्ला होता. त्याच्यावर नव्या कौलांचं ओझं चढवलं होतं, एवढंच.

भिजलेली लोकर ओढून बाहेर काढायला हाताशी कुणी नव्हतं. जेवढी जमली तेवढी त्याने पडवीत आणली. बाकीची कुजली. तिचा वास कितीतरी दिवस खिंडीत भरून होता.

पाऊस उघडल्यावर तो कौलाऱ्याला शोधत निघाला. बाजाराच्या गावात तो सापडला, दुसऱ्याच कुणाच्या छपरावर, खाली बसलेल्यांना हसवत. विणकराने घडलं ते सांगितलं. कौलाऱ्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तो शिडीवरून उतरला नाही.

"मी कौलं घातली, मामा. एकही कौल गळलं नव्हतं बघा. वासे तुमचे होते. वाशांचं तुम्ही विचारलंत कुठे?"

 विणकर परतला. सगळ्या चढणीभर त्याला राग येत राहिला, आणि गंमत अशी की कौलाऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला. तो माणूस काही चोर नव्हता. गोडबोल्या होता, कच्चा होता. ते आपल्याला त्या जेवणाच्या वेळीच कळलं होतं. पण समोर बसलेलं माणूस उठून जाईल या भीतीने आपण गप्प बसलो.

पायथ्याच्या गावात आणखी एक कौलारी होता. म्हातारा, तिरसट. लोक त्याला घाबरून असत. विणकर त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"काय आहे?"

"छप्पर घालायचंय. पण आधी काही विचारायचंय."  हाही उठून आत जाईल असं विणकराला वाटत होतं.

"मग विचार की. उभा काय राहिलास?"

"वासे तपासाल?"

"तपासल्याशिवाय मी कौलाला हात लावत नाही."

"सगळे बदलावे लागतील का?"

"माहीत नाही. वर चढल्याशिवाय कसं सांगू? बघेन, मग सांगेन."

"पुन्हा गळलं तर?"

"निरोप धाड. येईन."

"असं कुणाच्या घरी गेलात कधी?"

  "डोहाकाठी एक कुंभारीण राहते," म्हातारा म्हणाला. "तिला जाऊन विचार. मी माझंच कौतुक सांगितलं तर त्याला काय अर्थ?"

विणकर डोहाकाठी गेला. परक्या घराचा उंबरा तो कित्येक वर्षांत चढला नव्हता. कुंभारणीने मातीचे हात धुतले, त्याला घरात नेलं आणि छप्पर आतून दाखवलं.

"गळलं होतं हो दादा, त्या कोपऱ्यात," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? निरोप धाडला तर भर पावसात आला. मलाच बडबडत होता, चिंचेची फांदी छपराला घासते ती तोडली नाहीस म्हणून. पण आला आणि नीट करून गेला."

मग तिने गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं. "तुम्ही खिंडीतले ना? घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग आजारी पडलात तर पाणी कोण देतं?"

 हे विणकराला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याला राग आला नाही, अपमान वाटला नाही.  विचारणारं माणूस आपल्यावर संशयच घेतं असं नाही, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं.

म्हाताऱ्याने काम केलं. एकेक वासा ठोकून बघितला, कुजलेले काढून टाकले, दोन चांगले होते ते ठेवले आणि का ठेवले ते सांगितलं. तो गाणी म्हणत नव्हता. स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणायचा आणि छपरावरच पाठ करून खायचा. काम झालं तसा वळून न बघता निघून गेला. विणकर पुन्हा एकटा झाला, पण कोरड्या घरात. मोडलेला माग जुळवून त्याने वाचलेली लोकर विणायला घेतली.

थंडीत मेंढपाळ आले. विणकराने काही न लपवता त्यांना सगळं सांगितलं. घोंगड्या निम्म्याही झाल्या नव्हत्या. वस्तीतली एक वयोवृद्ध बाई काडीने जमीन उकरत बसून ऐकत होती. ती शेवटी एवढंच म्हणाली, "पोरांना देऊ नव्या. आमचं भागेल जुन्यांवर." विणकराला ते बोलणं शिव्यांपेक्षा जड गेलं. तो हिवाळा कडक होता. पठारावरची शेकोटी लांबून दिसली की त्याला झोप लागत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात तीच म्हातारी लोकर घेऊन आली. पण लोकर तिने अंगणातच ठेवली. "आधी सांग, कुठे ठेवणार? छप्पर कुणी केलं? वासे बघू दे."

विणकराने तिला आत नेलं आणि हातात काठी दिली. तिने एकेक वासा ठोकून पाहिला. मग बाहेर येऊन सुनेला म्हणाली, "आण आत."

त्या वर्षी छप्पर गळलं नाही. पावसाळा सरता सरता एक अनोळखी बाई धापा टाकत खिंडीत आली. कुठल्या तरी लांबच्या वाडीची होती.

"आमच्या घराचं छप्पर करायचंय," ती म्हणाली. "म्हातारा कौलारी म्हणतो, मला विचारू नको, खिंडीतल्या विणकराला जाऊन विचार. त्यात फार तिरसट आहे तो. म्हटलं, बघावं."

"तिरसट आहे खरा," विणकर म्हणाला. "या, आत या. सगळं दाखवतो. आणि काय वाटेल ते विचारा."

तिने पुष्कळ विचारलं. त्याने जे माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं ते नाही म्हणाला. पडलेल्या छपराचीही गोष्ट सांगितली, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. बोलता बोलता चुलीवर भाकरी झाली. ती जेवली, उठली, आणि दिवस बुडायच्या आत उतरणीला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत विणकर दारात उभा होता. मग आत येऊन त्याने माग सुरू केला. खिंडीत वारा होताच. पण उद्या आणखी कुणी विचारायला येईल, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

तात्पर्य काय, तर सोबत सुटेल या भीतीने प्रश्न गिळू नये. चांगल्या कारागिराला प्रश्न टोचत नाही, आणि ज्याला टोचतो त्याच्या हाती आपलं छप्पर देऊ नये.