हातोडीची खडखड

फार मागे, अवजारं आपसात बोलत असत तेव्हा, केळीच्या बागेला पाणी देणारा एक लाकडी रहाट होता. रोज सकाळी हातोडी त्याच्या एकेका भागावर ठोका देई आणि आवाजावरून कोण ढिलं झालंय ते सांगे. तिनं होकार दिला की रहाट फिरे.

एके दिवशी तिला सगळीकडे खडखड ऐकू आली. “चाक ढिलं! कणा ढिला! कुणी हलायचं नाही!”

“अहो ताई, आम्ही ठणठणीत आहोत,” चाक कुरकुरलं. हातोडी ऐकेना. तीन दिवस रहाट थांबला. केळी माना टाकू लागल्या.

शेवटी चाकाची एवढीशी खीळ म्हणाली, “ताई, जरा विहिरीकाठच्या त्या दगडावर ठोका देता का?”

“दगड कधी ढिला होतो का, वेडे?”

“म्हणूनच तर!”

हातोडीनं ठोका दिला. खडखड! तिचाच दांडा सैल झाला होता. सगळे हसले, तीही हसली.

दांड्यात पाचर बसल्यावर तिनं पुन्हा तपासलं. “चाक ठीक, कणा ठीक. खीळबाई, तू मात्र खरंच ढिली आहेस हं!”

खीळ लाजून घट्ट बसली आणि पाणी खळाळलं.

दुसऱ्या दिवसापासून हातोडीचा पहिला ठोका दगडावर पडू लागला.