राणीची दगडी सावली

एका राज्यात प्रसेन नावाचा राजा आणि मृणालवती नावाची राणी सुखाने नांदत होती. पुढे कुणाचा शाप भोवला कोण जाणे, राणीची सावली दगडाची झाली. तिला पलंगावरून उठवेना, घास गिळवेना. सावली रोज थोडी थोडी अंगावर चढे. गळ्याशी पोचली की राणीही दगड होणार, हे सर्वांना ठाऊक होते.

राजाने तीन दिशांहून तीन जाणते आणवले. त्या राज्याची रीत मुलखावेगळी. दुखणेकऱ्याला काही विचारायचे नाही, पडद्याबाहेर नवऱ्याला विचारायचे. शिवाय नव्या जाणत्याने आधीच्याचा उपचार फेकून द्यायचा. काय म्हणावे या शहाण्यांना!

वैद्य म्हणाला, "शरीरातला वायू बिघडला आहे." त्याच्या काढ्याने राणीला झोप लागली, सावलीच्या चार टोकांपैकी एक टोक उचलले गेले. मग मांत्रिक आला. "ही बाहेरची बाधा," म्हणून त्याने काढा मोरीत ओतला आणि मंत्राचा धागा बांधला. राणीची भीती निवली, दुसरे टोक उचलले गेले, पण पहिले धप्पकन खाली आले. शेवटी मुनी आले. "विचार उलटे फिरले आहेत," म्हणत त्यांनी धागा तोडला आणि पडद्याआडून धीराचे शब्द ऐकवले. तिसरे टोक हलले, दुसरे पडले. सावली राणीच्या छातीपर्यंत आली.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "महाराज, तिघांनी एकेक टोक एकदम धरावे. चौथे टोक कुणाच्या पायाखाली आहे, ते राणीला विचारा."

"तशी रीत नाही."

"मग दगडाशी संसार करा."

राजाने पडदा सारला आणि पलंगापाशी उभा राहिला. "मृणाले, तुला काय होते आहे?"

राणीने मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "माझी आई गेली, तेव्हा इथे उत्सव होता. तुम्ही मला जाऊ दिले नाही. उत्सवात राणीने रडू नये, म्हणालात."

राजाने खाली पाहिले. सावलीचे चौथे टोक त्याच्याच पायाखाली होते. त्याचा जीव कळवळला. "माझे चुकले," म्हणून तो मागे सरला आणि खाली बसून त्याने ते टोक हातात धरले.

मग वैद्याने काढा उकळला, मांत्रिकाने धागा बांधला, मुनी राणीपाशी बसून बोलू लागले. तिघेही जरा फुगलेच होते, पण कामाला लागले. सावली काही एका दिवसात हलकी झाली नाही. हळूहळू झाली. एके सकाळी शाप सुटला, राणी उठून बसली आणि आईच्या नावाने हंबरडा फोडून रडली. राजा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि तिला कुणीही गप्प केले नाही.

तिचे रडे जसे मोकळे झाले, तसे ज्याचे त्याचे होवो.