पहिला घास

“शेजाऱ्याचं घर धुमसत ठेवलं नाही, तर आपलं वाचवायचं कसं, ते तरी सांगा, बाबा.”

शेख बुरहान चुलीवरची खीर ढवळत राहिले.

हे विचारणारी गुलरुख मांडीवरच्या बाळाला थोपटत होती. सरमंद देश चिमुकला, पण त्याच्या परराष्ट्र खात्यात तिचा शब्द चाले. आजूबाजूच्या प्रत्येक देशाबद्दल तिचं ठाम मत होतं. बाळाला टोपी घालावी की काढावी, याबद्दल मात्र नव्हतं. सकाळपासून ती टोपी नुसती चढत-उतरत होती.

लहानपणी ती याच खानकाहमध्ये, सूफींच्या या मठात, शेखांच्या पायाशी बसून शिकली. आज बाळाला पहिला घास भरवायला आली होती. निदान दारावरच्या शिपायांना तिने तसं सांगितलं होतं.

उद्या परिषद बसणार होती. खिंडीपलीकडे कोहबाद. तिथल्या बंडखोरांना बंदुकांची एक खेप तिच्याच सल्ल्याने गुपचूप गेली होती. दुसरीही जावी, असं ती उद्या सांगणार होती. बर्फ वितळलं की खिंड मोकळी होते. मग कोहबादचं सैन्य या बाजूला उतरलं तर...

त्या ‘तर’च्या पुढे तिला झोप लागत नसे.

“ते आपसांत भांडत राहिले, की आपल्याकडे बघायला त्यांना सवड नाही. मी हे याच्यासाठी करतेय, बाबा.” तिने बाळाकडे बोट केलं.

“हो. त्यांना मुलं नसतील,” शेख म्हणाले, आणि खिरीत वेलची टाकली.

खानकाहची रीत जुनी होती. बाळाचा पहिला घास, त्या दिवशी सगळ्यांत लांबून आलेल्या पाहुण्याने भरवायचा. गुलरुखला स्वतःला कुण्या परक्या उंटवाल्याने भरवला होता, असं तिची आई कौतुकाने सांगायची.

शेखांनी अंगणात हाक दिली. डोक्यावरची चादर सावरत एक बाई आत आली. नाव सनोबर. कुठून आलीस, विचारल्यावर तिने मान खाली घालून सांगितलं, खिंडीपलीकडून. कोहबादहून.

गुलरुखचा हात आपसूक बाळाच्या तोंडावर गेला.

शेखांनी खिरीची वाटी आणि चमचा सनोबरच्या हाती दिला. तिच्या मनगटावर भाजल्याची ताजी खूण होती. चुलीची असेल, गुलरुखने स्वतःला समजावलं. बायकांचे हात भाजतातच.

पण तिला ते पटलं नाही.

ही कुणाच्या बाजूची असेल? हिला कुणी पाठवलं? मी कोण, हे हिला ठाऊक असेल का? खीर बाबांनी रांधली, हे खरं. पण चमचा आता त्या हातात होता... एवढी शिकलेली बाई, आणि चमच्याला भितेय, असं मनात आलं. तरी तोंडावरचा हात तिला काढवेना.

चमचा वाटीवर वाजू लागला. गुलरुखने वर पाहिलं.

“माझ्याच्यानं नाही होणार, बाबा,” सनोबर हळूच म्हणाली. “लेकराला नुसता ठसका लागला, तरी बाहेरचे शिपाई म्हणतील, कोहबादच्या बाईनं विष घातलं. माझा पोरगा घरी वाट बघतोय.”

तिने वाटी खाली ठेवली.

वाफ विरली. खिरीवर साय धरली. गुलरुखच्या तळव्याखाली बाळ तोंड हलवून काहीतरी शोधत होतं. मग हात-पाय झाडत रडायला लागलं.

“मी काय करू, बाबा?” गुलरुखने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

शेखांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“उद्या परिषदेत जे सांगणार आहेस, बेटी... तेच इथेही कर. हात काढू नकोस.”