मिठातल्या मुलीचं लग्न कोण लावणार?

एक होतं मिठागर. तिथे ना राजा होता ना राणी. होते रावजी आणि ठमाई, मीठ पिकवणारे म्हातारे नवराबायको. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये मिठाच्या पांढऱ्या राशी. उन्हात अशा चमकायच्या, की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा.

एकदा काय झालं, ठमाई सकाळी मीठ ओढायला गेली, तर एक रास आपोआप हलली. ठमाईने फावडं टाकलं आणि हातांनी मीठ उकरलं. आत काय असावं? एक तान्ही मुलगी! अंगभर मिठाचे कण, मुठी घट्ट वळलेल्या, आणि रडायचं सोडून हसत होती, बरं का.

ठमाईने तिला पदरात घेतलं. तेवढ्यात समुद्र बोलला. तसा तो रोजच बोलतो, पण त्या दिवशी शब्द कळले.

"सांभाळायला दिली आहे. उपवर झाली, की चैत्री पुनवेच्या उधाणाला येईन. जमिनीवर कुणाशी गाठ बांधलेली असली, तर राहू दे. नसली, तर माझी मी घेऊन जाईन."

रावजी धावत आला. म्हणाला, "आता कसं?" ठमाई म्हणाली, "पुढचं पुढे. आधी हिला दूध पाजू दे." आणि तिने मुलीचं नाव ठेवलं लवणा.

मग लवणा मोठी झाली. मिठावरून अनवाणी चालायची, पण पायाला कधी चीर पडली नाही. खाडीच्या पलीकडे नवशा नावाचा होडीवाला राहायचा. तो तिला रोज पलीकडे न्यायचा आणि रोज एकच वाक्य बोलायचा, "आज वारा आहे." वारा नसला तरी हेच. मग एके दिवशी लवणाच म्हणाली, "वारा राहू दे. लग्न करतोस का माझ्याशी?" नवशाच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं.

नवशाची आई म्हणाली, "पोर गुणाची आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मिठात सापडलेल्या पोरीचं लग्न लावणार कोण? लावणारा आणा, मग मी हौसेने ओटी भरते."

खरंच की! मिठागराजवळच्या गावातलं कुणी पुढे येईना. सगळे म्हणायचे, समुद्राच्या वस्तूला हात लावला तर समुद्र आपल्यालाही ओढून नेईल. आणि चैत्र तर लागला होता. पाणी रोज थोडं थोडं झोपडीजवळ सरकत होतं. ठमाई उंबऱ्यात बसून पाण्याकडे बघायची आणि लवणाचा हात सोडायची नाही.

मग लवणाने तो हात हळूच सोडवला. म्हणाली, "आई, मी लग्न लावणारा शोधून आणते."

चालत चालत ती गेली एका मोठ्या गावात. तिथे एक लग्न चाललं होतं. वधूवरांच्या मध्ये अंतरपाट धरलेला, आणि एक म्हातारे भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. लवणा पुढे झाली आणि बघतच राहिली. अंतरपाट दूर झाला, होम पेटला. भटजींनी मुलीच्या पणजोबांचं नाव घेतलं, तशी होमातून एक ठिणगी उडाली आणि वर जाऊन तारा झाली. आजोबांचं नाव घेतलं, दुसरा तारा. बापाचं नाव घेतलं, तिसरा तारा. भर दिवसा, बरं का! मेलेली माणसं वरून आणि जिवंत माणसं खालून लग्न बघत होती. लवणाचे हात आपोआप जोडले गेले.

लग्न झाल्यावर तिने भटजींना सगळं सांगितलं. भटजींचे डोळे भरून आले.

"बाळ, मी आलो असतो गं. पण मी नावांनी लग्न लावतो. तुझ्या बापाचं नाव काय घेऊ? आणि नावं घेतल्यावर मुलीच्या बापाने हातावर पाणी सोडायचं असतं, तेव्हा कन्या दिली असं होतं. ते पाणी कोण सोडणार?"

"रावजीबाबा सोडतील की."

"रावजीने सोडलं, तर समुद्र म्हणेल, माझी लेक दुसऱ्याने कशी दिली? तू असं कर, डोंगरात जा. तिथे धवलेरी असते. ती नावं विचारत नाही."

मग लवणा डोंगर चढून गेली. वारल्यांच्या पाड्यावर लग्न होतं. भटजी नाही, पोथी नाही, होम नाही. गेरूने सारवलेली एक लाल भिंत. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला पांढरा चौक, आणि चौकात देवी. समोर एक बाई बसून गात होती. तीच धवलेरी, गाण्याने लग्न लावणारी. धरती कशी झाली, बी कसं रुजलं, पहिलं लग्न कसं लागलं, सगळं तिला तोंडपाठ. ती गायला लागली, तशी भिंतीवरची झाडं डुलली. चितारलेल्या पाखरांनी पंख झाडले. चौकातल्या देवीने हळूच मान वर केली, आणि अंगणातली म्हातारीकोतारी माणसं जमिनीला हात लावून बसली. लवणाला नवल वाटलं. एका बाईच्या गळ्यात एवढी धरती मावते कशी!

गाणं संपल्यावर धवलेरीने तिचे पाय बघितले.

"कुठली गं बाय तू? पायाला मीठ लागलंय."

लवणाने सांगितलं. धवलेरीने तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, "मला नाव नको, पण माती हवी. माझा देव मातीतून वर येतो. तुमच्याकडे सगळंच पांढरं. मिठाच्या भिंतीवर पिठाचा चौक काढला, तर देवाला तरी दिसेल का? तू बंदरावर जा. तिथे काझी आहेत. ते नाव विचारत नाहीत, मातीही मागत नाहीत."

मग लवणा बंदरावर गेली. मोठमोठी गलबतं, दोरखंडांचा वास, माणसांचा नुसता कालवा. तिथल्या एका घरी निकाह होता. पांढऱ्या दाढीचे काझीसाहेब चटईवर बसले होते. ना गाणं ना आग. त्यांनी हळू आवाजात विचारायला सांगितलं, मुलीला हे लग्न कबूल आहे का? दोन साक्षीदार पडद्याशी गेले. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. बाहेरचा कालवा थांबला. डोलकाठ्यांवरची पाखरं गप्प झाली. वारासुद्धा शिडात थांबून राहिला. एवढ्या मोठ्या बंदराने एका मुलीच्या उत्तरासाठी कान दिला होता! आणि पडद्यामागून मुंगीच्या पावलाएवढा आवाज आला, "कबूल." तो शेवटच्या गलबतापर्यंत ऐकू गेला.

निकाह झाल्यावर लवणा काझीसाहेबांसमोर जाऊन बसली. काझीसाहेबांनी तिच्या हातावर खजूर ठेवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, मी विचारीन. पण माझ्या शब्दाला साक्षीदार लागतात. दोघे असे हवेत, की समुद्र समोर उभा राहिला तरी जागचे हलणार नाहीत. आहेत कुणी?"

लवणाने मान खाली घातली. गावातलं कुणी नव्हतं.

अशी ती रिकाम्या हातांनी घरी आली. नवशाला म्हणाली, "एकाला बापाचं नाव हवं, एकीला तांबडी माती, एकाला न भिणारे साक्षीदार. माझ्याकडे यातलं काहीच नाही."

नवशाने वल्हं उचललं. आज वारा आहे, हेही म्हणाला नाही. होडी घेऊन तो पलीकडे गेला. परत आला तो होडीभर तांबडी माती घेऊन! त्याने आणि ठमाईने मिळून झोपडीची भिंत लाल सारवली. नवशा म्हणाला, "एक तरी झालं." मग सगळे पाण्याकडे बघत बसले. कारण दुसऱ्या दिवशी पुनव होती.

पुनवेची सकाळ झाली. गाव सगळं टेकडीवर चढून बसलं. आणि बांधावरून कोण येताना दिसलं? पोथी डोक्याला बांधून, धोतर वर खोचून भटजी! "घास उतरेना रे," ते म्हणाले. "नाव नाही म्हणून आलो नाही, हे मनाला पटेना." त्यांच्या मागून पिठाचं वाडगं घेऊन धवलेरी. आणि होडीतून काठी टेकत काझीसाहेब उतरले. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. तिघे एकमेकांकडे बघून जरा लाजलेच.

धवलेरीने लाल भिंत बघितली. "आता दिसेल देवाला," म्हणाली आणि चौक काढायला बसली.

मग भर दुपारी उधाण आलं. पोरांनो, समुद्र सपाट असतो ना? त्या दिवशी तो उभा राहिला. टेकडीएवढा, आभाळाएवढा. त्याच्या पोटात मासे फिरताना दिसत होते, आणि ऊन त्याच्यातून हिरवं होऊन झोपडीत शिरत होतं. मिठाच्या राशी एकेक करून विरघळल्या. रावजीने नवशाचा खांदा धरला, ठमाईने लवणाला.

धवलेरी गायला लागली. तशी चौकातली देवी उठून बसली आणि पाणी उंबऱ्याशी थांबलं. गाणं चालू होतं तोवर ते आत येईना. पण बाईचा गळा तो, किती वेळ टिकणार?

समुद्र गरजला, "गाठ बांधली आहे का?"

भटजी दारात जाऊन उभे राहिले. शिंतोडे तोंडावर उडत होते, पण मागे हटले नाहीत. "आधी सांग, तू कोण? कुठल्या नात्याने आलास?"

"कुठल्या नात्याने?" समुद्र एवढ्या मोठ्याने ओरडला की टेकडीवरच्यांनी कान झाकले. "माझी लेक आहे ती! मी बाप आहे तिचा!"

आणि भटजी हसले. हात जोडून म्हणाले, "मग बरं झालं आलात! आम्ही तुमच्यासाठीच खोळंबलोय. बापाशिवाय लग्न अडलं होतं हो. आता हातावर पाणी तेवढं सोडा. तुमच्याकडे पाण्याला काय तोटा?"

एवढा मोठा समुद्र, पण त्याची गाज एकदम उतरली. मग खूप हळू म्हणाला, "पाणी सोडलं, की ती माझी राहणार नाही?"

"बापाची लेक बापाचीच राहते. फक्त घर बदलतं."

"भेटायला येता येईल?"

"यायलाच हवं."

समुद्र वाकला. एवढ्यात काझीसाहेबांनी काठी आपटली. "जरा थांबा. मुलीला विचारलंय का कुणी?"

भटजी म्हणाले, "विचारा, काझीसाहेब. ते काम तुमचं. साक्षीला मी आहे." धवलेरीला गाणं थांबवता येईना, तिने गाता गाता हात वर केला. झाले दोन साक्षीदार! समुद्रासमोर उभे राहून न हललेले.

काझीसाहेबांनी विचारलं, "लवणा, हे लग्न तुला कबूल आहे?"

लवणाने समुद्राकडे बघितलं. त्याचा रंग तिच्याच डोळ्यांचा होता, तसाच हिरवा.

दुसऱ्यांदा विचारलं. तिने ठमाईकडे बघितलं.

तिसऱ्यांदा विचारलं. तिने नवशाकडे बघितलं. त्याच्या हातांना तांबडी माती अजून लागलेली होती. लवणा म्हणाली, "कबूल."

समुद्राने ते ऐकलं. मग एक लाट निघाली, ओंजळीएवढी. उंबरा ओलांडून आत आली, वर चढली आणि दोघांच्या जुळलेल्या हातांवरून वाहिली. कोमट होती, बरं का. डोळ्यांतल्या पाण्यासारखी. ठमाईने लवणाचा पदर घेतला, नवशाचं उपरणं घेतलं आणि घट्ट गाठ मारली. गाणं थांबलं.

बघतात तर समुद्र एवढा मागे गेलेला, की आजवर कुणी न पाहिलेली वाळू उघडी पडली होती. आणि ती सगळी शिंपल्यांनी अक्षता टाकल्यासारखी भरलेली.

मग टेकडीवरून गाव धावत खाली आलं. नवशाच्या आईने आधी ओटी भरली, मग रडली. लोक विचारायला लागले, लग्न नक्की लावलं कुणी? भटजींनी धवलेरीकडे बोट केलं, धवलेरीने काझीसाहेबांकडे, आणि काझीसाहेबांनी भटजींकडे. ठमाई म्हणाली, "ते राहू द्या, पानं वाढली आहेत." मग तिघे शेजारी शेजारी बसून जेवले. मीठ त्याच घरचं होतं.

तेव्हापासून दर चैत्री पुनवेला समुद्र लवणाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आत येत नाही. शिंपले, पोवळी, कधी एखादा मोठा मासा ठेवतो, लेकीला बघतो आणि जातो. मिठात सापडलेल्या मुलीला असं माहेर मिळालं. लवणा, नवशा, रावजी, ठमाई, सगळे सुखाने राहिले.

गोष्टीला लागली ओहोटी, आता झोपेला येऊ दे भरती. मिटा डोळे. ऐकू येतोय ना तो आवाज? बाप आहे तो कुणाचा तरी. लेकीच्या दाराशी आलाय. झोपा आता.